टाइलची मागची बाजू

प्रिय भट्टीमास्तर,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल तर असू दे. शाळेतल्या सिस्टरनी बोटांवर पट्टी मारून घडवलेलं अक्षर आहे ते, सहासष्टाव्या वर्षीसुद्धा रेघ सोडत नाही. या अक्षरात तुला माझ्याकडून आजवर एकच कागद मिळालाय आणि त्यावर 'माल नामंजूर' याखेरीज फारसं काही नव्हतं. तेव्हा हे पाकीट तू न फोडता खणात टाकलंस तरी मला बोलायला तोंड नाही. पण तू फोडशील. भट्टीचं दार वेळेआधी किलकिलं करून आत डोकावणारा माणूस तू. तुला कुठला धीर धरवतोय!

आधी कामाचं बोलते. इस्पितळाच्या खालच्या दालनातली तुझी हिरवी भिंत फोडली. सगळी नाही, मधला पट्टा. मागचे पाण्याचे नळ कुजले होते, भिंतीला ओल आली, आणि नळवाल्याने छिन्नी-हातोडा घेऊन दोन दिवसांत तुझ्या अकराशे चाळीस टाइल पोत्यांत भरल्या. एकही अख्खी निघाली नाही, हे तुझ्या कानावर घालते. गवंड्याचं कौतुक समज किंवा स्वतःच्या मातीचं. आता त्या जागी नव्या बसवायच्या. इमारत सरकारी, म्हणजे नियम तोच, आपला जुना: लोकांच्या पैशातून उभ्या राहणाऱ्या बांधकामाला माल देशात बनलेलाच हवा. देशात तो बनवणारा कोणी नाहीच असं ठरलं, तर बाहेरून आणायची सवलत. रीतसर जाहिरात दिली, तीन आठवडे वाट पाहिली, एकाही कारखान्याने उत्तर दिलं नाही. तो हिरवा कोणाला साधत नाही. मग 'इथे बनवणारा कोणी नाही' असा दाखला तयार झाला. त्यावर तिघांच्या सह्या लागतात, दोन अधिकाऱ्यांच्या आणि एक बाहेरच्या जाणकाराची. ती जाणकार म्हणजे मी. निवृत्त माणसाला हल्ली जाणकार म्हणतात. खुर्ची द्यावी लागत नाही. दोन सह्या झाल्यात. तिसरी मी अडवून ठेवलीय, आणि ती मला आणखी सहा आठवडे अडवता येईल. त्यानंतर नाही.

दाखला घेऊन माझ्या घरी आली ती माझ्या जागेवर बसलेली बाई. कचेरीतला म्हातारा शिपाई मला मोठ्या बाई म्हणायचा आणि तिला धाकट्या बाई. आता ती एकोणपन्नास वर्षांची आहे, चष्मा माझ्याहून जाड, तरी अजून धाकट्याच. माझ्या हाताखाली शिकलेली. म्हणाली, "मॅडम, टाकून द्या ना सही. बाहेरचा नमुना असा जुळलाय की जुन्या टाइलशेजारी ठेवला तर तुम्हालाही फरक कळणार नाही." मी म्हटलं, "मला कळणार नाही, हे तू माझ्या तोंडावर म्हणतेस?" ती हसली आणि पिशवीतून एक खोका काढून टेबलावर ठेवला. आत एकच टाइल. जन्मभर माझा हात आधी टाइल पालथी करायला गेलाय. त्या दिवशी गेला नाही. मी समोरूनच बघत बसले. तळ्याच्या काठच्या शेवाळासारखा तो हिरवा, आणि कडेला जिथे झिलई जाड होऊन थबकते तिथे किंचित निळा. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात झिलई पातळ, अंगठ्याच्या पेराएवढी. टाइल डाव्या हाताने झिलईत बुडवणारा आणि अंगठा वेळेवर न काढणारा कारागीर जगात एकच आहे, आणि त्या अंगठ्यावरून मी त्याला पूर्वी पुष्कळ बोललेय. तिथे एवढी यंत्रं असतील, तरी नमुना तू हातानेच बुडवलास. धाकट्या बाईंना म्हटलं, चहा टाक. माझ्याच घरात तिला चहा टाकायला लावला. ती स्वयंपाकघरात असताना खोक्यावरचा पत्ता मी उतरवून घेतला.

तुला वाटेल, एका अंगठ्यावर बाई विरघळली आणि नियम गेला चुलीत. तसं नाही. नियम मला अजून पटतो, आणि तो ज्या तऱ्हेने पाळतात ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. हल्ली टक्केवारी असते. पंचावन्न टक्के माल इथला असला की सगळाच इथला धरायचा. मी त्या बैठकीत विचारलं, पंचावन्न टक्के खरं बोलणाऱ्या माणसाला तुमच्या घरी काय म्हणतात? कोणी हसलंसुद्धा नाही. नव्या शाळेचे बोल्ट बाहेर घडवलेले, आटेही बाहेरच पाडलेले, इथे फक्त पुड्यांत भरले. पुड्यांवर मात्र ठसठशीत 'देशात बनवलेले'. ग्रंथालयाच्या दारांच्या मुठींवरची परकी अक्षरं एका पुरवठादाराने घासकागदाने खरवडली होती आणि वर मलाच सांगतो, "बाई, हात लागून लागून झिजली हो." नव्याकोऱ्या मुठी! अजून दारं बसायची होती. लोखंड बाहेरचं, गंज तेवढा इथला, अशी सगळी गत. असल्यांना पकडण्यात माझी हयात गेली आणि त्याचं मला काडीचं वाईट वाटत नाही. माझे वडील काचेच्या कारखान्यात होते. न्यायालयाच्या मोठ्या इमारतीला बाहेरची काच आणली, त्या वर्षी कारखान्याला टाळं लागलं. मी अकरा वर्षांची होते. पुढे वडील त्या रस्त्याने जाताना मान खाली घालून जायचे, जसं काही त्यांनीच काही चोरलं होतं. सिस्टरनी माझी फी माफ केली म्हणून मी शिकले, आणि शिकून कुठल्या कचेरीत जायचं ते मी अकराव्या वर्षीच ठरवलं होतं. हे तुला तेव्हा सांगितलं नाही. तू मला कडक म्हणायचास, हट्टी म्हणायचास, मी ऐकून घेत असे. मुळात बापाची खाली गेलेली मान कशी असते ते तुला सांगितलं असतं, तर पुढचं कदाचित तुला कळलं असतं. कदाचित मलाही.

तुझी पहिली खेप आली तो दिवस मला आजही काचेसारखा स्वच्छ दिसतो. ट्रकच्या मागे खोक्यांवर बसून तू आला होतास, केसांत भुसा, आणि उतरल्या उतरल्या म्हणालास, "ड्रायव्हर खड्डे चुकवत नाही, शोधतो." मी वीस खोके उघडायला सांगितले. तू चाळीस उघडलेस, रागाने. मी एकेक टाइल पालथी करत गेले. मागे सरळ रेघा आणि मधोमध तुमच्या कारखान्याची छोटी ज्योत. तू म्हणालास, "बाई, लोक टाइलचं तोंड बघतात." मी म्हटलं, "तोंड सगळ्यांचंच गोड असतं. खरं काय ते पाठीवर उमटतं." तू एवढ्या मोठ्याने हसलास की वरच्या मजल्यावरून हिशेबनीस खिडकीतून वाकून बघायला लागले. त्या दिवसापासून मी तुझी फूटपट्टी. दुसरी खेप तू तीन दिवस आधीच घेऊन आलास. मग खेप नसतानाही यायला लागलास, नमुना दाखवायला. एका हिरव्याचे किती नमुने असतात रे? शिपाई दाराशी येऊन, चेहरा अगदी गंभीर ठेवून सांगायचा, "बाई, तुमचा नमुना आलाय."

संध्याकाळी तू बसस्थानकावर जायला निघायचास आणि माझं घर त्याच बाजूला आहे असं मी सांगितलं होतं. ते विरुद्ध बाजूला होतं, हे तुला कधी कळलं का? आपण लाकडाच्या वखारीमागून लांबच्या रस्त्याने जायचो. तू भट्टीचं बोलायचास, दुसरं काही बोलतच नव्हतास. झिलई आत जाताना पातळ राखाडी चिखल असते, बघून कोणी म्हणणार नाही की हिच्यात रंग आहे. तो आत आगीतच उघडतो, आणि दार लवकर उघडलं की तडकतो. मी मान डोलवायचे. तुझं सगळं ऐकून झाल्यावर तुझी बस सुटायची आणि मी अख्खा रस्ता उलटा चालत घरी यायचे. आई विचारायची, "आज इतका उशीर?" मी म्हणायचे, तपासणी होती.

कचेरीत कुजबुज सुरू झाली होती, ती तुझ्यापर्यंत पोचली नसेल. आमचे साहेब एकदा जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांदेखत म्हणाले, "बाईंची तपासणी हल्ली फार लांबवर चालते." एवढ्या पुरुषांत मी एकटी बाई, वय बत्तीस, आणि माझ्याजवळ एकच गोष्ट होती, की माझ्या शिक्क्यावर कोणी बोट ठेवलं नव्हतं. तिसरी खेप आली ती अशा हवेत. बाळंतिणींच्या मजल्याच्या टाइल. मी पहिली पालथी केली आणि मागे सरळ रेघा नव्हत्या. मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी होती आणि तीन परकी अक्षरं, पलीकडच्या देशातल्या एका मोठ्या कारखान्याची. दुसरी पालथी केली, दहावी, शंभरावी. सगळ्यांवर तीच. पुढून मात्र तोच हिरवा. मी तुझ्याकडे बघितलं. तू अगदी साधेपणाने म्हणालास, "अगं, साचा मोडला. तिकडच्या बंद पडलेल्या शाखेचा जुना साचा भंगारात मिळाला तो प्रेसला लावला. माती आपली, भट्टी आपली, हात माझे." मी म्हटलं, "साच्याची पावती?" "भंगारवाला कधी पावती देतो का?" "मग मी काय मानायचं?" "माझा शब्द." आपल्याभोवती साहेब होते, दोन कारकून होते, शिपाई होता, आणि त्यांतलं कोणीही टाइलकडे बघत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. तू म्हणालास, "रविवारी ये. बसने दोन तास. प्रेस बघ, साचा बघ, मग काय तो शिक्का मार." मी म्हटलं, "तपासणाऱ्याने पुरवठादाराच्या घरी जायचं नसतं." त्यावर तू आवाज खाली आणून म्हणालास, "कारखान्यात ये म्हणालो. घरीही ये म्हणणारच होतो."

मी तिथल्या तिथे शिक्का मारला.

दुसऱ्या कोणाला तुझ्या कारखान्यावर पाठवता आलं असतं. सुचलं नव्हतं असं खोटं लिहीत नाही. पण तो परत येऊन माल खरा आहे म्हणाला असता, तर सगळे म्हणाले असते की बाईंनीच म्हणायला लावलं. सिस्टर सांगायच्या, परक्याला एक माप लावा, आपल्या माणसाला दोन. त्या दिवशी मी तुला दोन लावली. तू माझा कोण होतास हे त्या एका शिक्क्याने अख्ख्या कचेरीला कळलं, तुला सोडून.

पुढचं तुला माहीत आहे. नामंजूर झालेला माल म्हणजे काळ्या यादीत नाव, काळ्या यादीत नाव म्हणजे एकही सरकारी काम नाही, आणि त्या काळी सरकारी कामाखेरीज एवढ्या टाइल घेणारं होतं कोण? तुला माहीत नाही ते मी सांगते. त्या शिक्क्याबद्दल मला शाबासकीचं पत्र मिळालं. दोन वर्षांत बढती मिळाली. नवे तपासनीस शिकायला आले की साहेब मला उभं करायचे, आणि मी खडूने फळ्यावर मधमाशीचं पोळं काढून सांगायचे, तोंडाला भुलू नका, पालथी करा. मी एकदा अशीच एक अख्खी खेप पकडली होती. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेतही ते छापलंय, चौदाव्या पानावर, आकृतीसकट. धाकट्या बाई तेच पान शिकून मोठ्या झाल्या. वीस वर्षं मी ते फळ्यावर काढत होते.

आणि त्याच वीस वर्षांत, आठवड्यातून एकदा तरी, मला काहीही झालेलं नसताना मी इस्पितळात जायचे. खालच्या दालनात नंबर घेऊन बाकावर बसायचं, तुझ्या भिंतीसमोर. लोक तिला टेकायचे. पोरं गार म्हणून गाल लावायची. कमरेइतक्या उंचीवर, जिथे माणसं वाट बघत पाठ टेकतात, तिथली झिलई इतकी गुळगुळीत झाली होती की समोरची खिडकी तिच्यात दिसायची. एक बाई टाइलच्या सांध्यांवरून बोट फिरवत काहीतरी पुटपुटत बसायची. नवरा आत होता तिचा. एकदा परिचारिका माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मावशी, तुमचा नंबर केव्हाच गेला की!" मी म्हटलं, "जाऊ दे. मला घाई नाही." ती बिचारी मला वेडी समजली असेल. निवृत्त झाल्यावर मी मावशीची आजी झाले, पण बाक तोच. लग्नाचं कोणी विचारलं की सांगायचे, कागदपत्रं अपुरी होती. लोक हसायचे. बरं असतं, लोक हसले की पुढचं विचारत नाहीत.

आता ते लिहिते, जे लिहायचं टाळण्यासाठी इतकी पानं भरली. शाळेत आम्हाला 'सॉरी' म्हणायला शिकवलं होतं. ते शिंकेइतकं सोपं आहे, येतं आणि जातं. आपल्या भाषेत 'माझं चुकलं' म्हणायला घशातून काहीतरी ओढून काढावं लागतं. शिक्का मारल्यानंतर सात महिन्यांनी मी तुझ्या गावची बस धरली. रविवारच होता. कारखान्याला कुलूप होतं. राखणदार म्हणाला, "मालक गेले, अकरा दिवस झाले. पलीकडे नोकरी लागली." मी कचेरीची आहे म्हटल्यावर त्याने घाबरून दार उघडलं. वाळवायच्या फळ्या रिकाम्या, भट्टी थंड, आणि प्रेसच्या जबड्यात एक टाइल अर्धी दाबलेली तशीच राहिलेली. कच्ची, न भाजलेली, वाळून पांढरी पडलेली. मी तिला हळूच सोडवून पालथी केली. पोळ्याची जाळी आणि तीन अक्षरं, आपल्याच मातीत. कच्ची माती काही कोणी देशाबाहेरून टाइल करून आणत नाही. राखणदार विचारत होता, "बाई, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, धूळ गेली डोळ्यांत.

तर मला सातव्या महिन्यातच कळलं होतं. तुझा शब्द अक्षर न् अक्षर खरा होता. ज्या नियमाने भट्ट्या जगवायच्या त्याच नियमाने मी एक विझवली, आणि कळल्यावरही तोंड मिटून बसले. बोलले असते तर शाबासकी गेली असती, ते सोड, त्याचं मला फारसं नव्हतं. पण मग लोक म्हणाले असते, बघा, प्रियकरासाठी बाईंनी निकाल फिरवला. ती भीती. बत्तीस वर्षांच्या बाईची भीती मी छप्पन्न वर्षांची होईपर्यंत फळ्यावर खडूने काढत राहिले. तुझं नाव त्यात कधी घेतलं नाही, एवढीच माझी माणुसकी. तू मला शिव्या दे. मोजून दे, मी मापात घेईन.

खोका बघितला त्याच्या चौथ्या दिवशी मी कचेरीत गेले. धाकट्या बाई, नवे साहेब आणि दोन अधिकारी यांच्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं, बस, राखणदार, कच्ची टाइल, सगळं. साहेब म्हणाले, "मॅडम, आता कशाला उकरता? चौतीस वर्षं झाली, कोणाला आठवतंय?" मी म्हटलं, "तुमच्या पुस्तिकेला आठवतंय. चौदावं पान काढा." धाकट्या बाईंचा चेहरा मला बघवला नाही. तिने ते पान माझ्याकडून पाठ केलं होतं. मग तिनेच कपाट उघडून जुनी यादी काढली आणि माझं लेखी निवेदन तिला जोडलं. दोन आठवडे लागले. तुमच्या कारखान्याचं नाव काळ्या यादीतून निघालं, देशातल्या उत्पादकांच्या यादीत पुन्हा चढलं. निकालाच्या कागदावर लिहिलंय, 'तपासणी अधिकाऱ्याची चूक.' मी तो दोनदा वाचला. चांगलं वाक्य आहे. लहान आहे.

निकाल घेऊन मी तुझ्या ताईकडे गेले. मला बघून ती दारातच म्हणाली, "चौतीस वर्षं उशीर झालाय. पाय पुसून आत या." बाहत्तराव्या वर्षी तिची जीभ माझ्याहून धारदार आहे, मला बरं वाटलं. तुमच्या वाळवायच्या फळ्यांवर तिने कोंबड्या पाळल्यात. अंडी झिलईच्या जुन्या हौदात ठेवते. भट्टीचं धुराडं शाबूत आहे, आतल्या विटा थोड्या ढासळल्यात, ती म्हणते महिन्याभराचं काम. प्रेस तिने विकली नाही. "तो म्हणाला नव्हता विक म्हणून," एवढंच म्हणाली. तिनेच सांगितलं, तुझी बायको चार वर्षांपूर्वी गेली, मुलगी दूर असते, आणि तू कारखान्याच्या मागच्या खोलीत एकटा जेवतोस. बायकोचं ऐकून वाईट वाटलं. हे खरं लिहितेय. ती तुझ्याशी चांगली वागली असं ताई म्हणाली. मग मी उठले तेव्हा तिने आणखी एक सांगितलं, जे मी ऐकलं नसतं तर बरं झालं असतं. तू मला बोलावलं होतंस त्या रविवारी तुमच्या आईने चार माणसांचा स्वयंपाक केला होता आणि संध्याकाळच्या शेवटच्या बसपर्यंत कोणाला ताटावर बसू दिलं नव्हतं.

नियमाप्रमाणे सांगायचं तर असं आहे: सहा आठवड्यांच्या आत 'मी बनवतो' एवढं तुझ्या सहीचं पत्र कचेरीत आलं की सवलतीचा दाखला रद्द होतो आणि भट्टी पेटवायला चार महिने मिळतात. साचा आधी दाखव, या खेपेला तपासायला धाकट्या बाई स्वतः येणार आहेत. मी तिला सांगून ठेवलंय की पावती मागायची आणि शब्दही ऐकायचा.

पण भिंतीला तुझी गरज नाही. हे मला खोका उघडला तेव्हापासून ठाऊक आहे. तू आला नाहीस तर सातव्या आठवड्यात मी दाखल्यावर सही करीन, कारण मग ते खरंच असेल. माल बाहेरून येईल, आणि तो तुझाच असेल. आलास तर इथे बनेल, तेव्हाही तो तुझाच असेल. बाकावर बसणाऱ्या कुणालाही दोहोंतला फरक दिसणार नाही. नियमाला दिसतो, आणि नियमासाठी मी मरेपर्यंत भांडेन, पण नियमासाठी कोणी परक्या देशातल्या म्हाताऱ्याला इतकी पानं लिहीत नाही, दोन ओळींची सूचना पुरते. सूचना तुला कचेरीकडून वेगळी येईलच. हे पत्र त्या सूचनेला जोडलेलं नाही. मला टाइल नकोत. मला तू हवा आहेस, इथे, शिव्या देत का होईना, उरलेल्या वर्षांत. वरचं वाक्य मी सहा वेळा खोडलंय म्हणून पान असं बरबटलंय. सातव्यांदा लिहिलं ते आता राहू देते. ये.

तुझीच,
आणि या सहीखाली आता कुठलाही हुद्दा नाही